मुंबईची हवा नकाशावर मांडताना: ठिपके आणि त्यांच्यामधली रिकामी जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या वीसेक हवा-निरीक्षण केंद्रांचे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे, वर्षभराचे आकडे हाताशी आहेत, ते आर (आकडेवारीसाठीची संगणकभाषा) वापरून शहराच्या नकाशावर दाखवायचे आहेत. एका जुन्या धड्यात ओपनएअर या पॅकेजमधलं (पॅकेज म्हणजे आरला जोडायचा तयार फंक्शनांचा संच) गुगलमॅप्सप्लॉट हे फंक्शन दिलंय, पण ते चालवलं की असं फंक्शनच नाही म्हणून आर हात वर करतो. शिवाय मार्गदर्शकांना नुसते ठिपके नकोत. सगळी मुंबई हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाने भरलेली दिसेल असा नकाशा हवाय.

पहिल्या भागाचं उत्तर पाच मिनिटांचं आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि ते का, हे सांगायला वेळ लागेल. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरा भाग आहे, जो तुम्ही विचारलेलाच नाही. माझ्याकडे तपासायला येणारे बहुतेक नकाशे तिथेच फसलेले असतात. तो भाग म्हणजे ठिपक्याच्या आत जाणारा आकडा.

आधी पाच मिनिटांचं काम उरकू. ओपनएअर हे पॅकेज डेव्हिड कार्सलॉ आणि कार्ल रॉपकिन्स यांनी ब्रिटनमध्ये उभं केलं. त्यावरचा त्यांचा लेख २०१२ चा. तेव्हा गुगलचा नकाशा फुकटात चित्र म्हणून ओढता यायचा, म्हणून ते फंक्शन होतं. २०१८ पासून गुगलने त्यासाठी एपीआय की (नोंदणी करून मिळणारा सांकेतिक क्रमांक) आणि बिलिंग खातं सक्तीचं केलं आणि अशा सगळ्या फंक्शनांचा पायाच निसटला. ओपनएअरने ते काढून टाकलं. नकाशाचं काम आता ओपनएअरमॅप्स या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे, ते जॅक डेव्हिसन यांचं. जीजीमॅप हे नकाशाचं दुसरं पॅकेज वापरणाऱ्यांचीही तीच गत: गुगल गेलं म्हणून सगळे स्टेमनच्या टाइल्सकडे (नकाशाच्या तयार चौकोनी चित्रांकडे) वळले, तर ३१ ऑक्टोबर २०२३ ला त्या स्टेडिया मॅप्सकडे गेल्या आणि तिथेही अशी की लागू लागली. त्याच महिन्यात आरजीडॅल, आरजिऑस आणि मॅपटूल्स ही तीन जुनी पॅकेजेस निवृत्त झाली. तेव्हा एखाद्या धड्यात यातलं काही दिसलं, तर तो धडा कल्पनेसाठी वाचा, कोड उचलू नका. चूक तुमची नाही. धडा शिळा झालाय.

आज मी काय वापरतो? छापील कामाला, म्हणजे प्रबंध, अहवाल, शोधनिबंध यांना, एसएफ (भौगोलिक माहिती हाताळणारं पॅकेज) आणि जीजीप्लॉट२ (चित्र काढणारं). पार्श्वभूमीला मॅपटाइल्स किंवा जीजीस्पेशियल. पडद्यावर बघायला लीफलेट. कोडचा गाभा चार पावलांचा आहे: केंद्रांचा तक्ता वाचायचा, रेखांश-अक्षांशाचे कॉलम सांगून त्याला एसएफची वस्तू बनवायची, संदर्भप्रणाली ४३२६ आहे, म्हणजे आकडे नेहमीच्या अक्षांश-रेखांशाचे आहेत, हे कळवायचं, आणि टाइलच्या थरावर जीजीप्लॉटच्या जिऑम-एसएफने ठिपके टाकायचे. यात अवघड काही नाही. एकदा जमलं की पुढची दोन वर्षं तोच साचा चालवाल.

पार्श्वभूमीबद्दल मात्र दोन शब्द जास्त. ती जितकी फिकी तितकी बरी. मी बहुतेक वेळा कार्टोची पॉझिट्रॉन वापरतो: राखाडी रस्ते, पांढुरकी जमीन, समुद्र कळण्यापुरता. उपग्रहाचं चित्र खाली घालायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. तसं करून बघा म्हणजे कळेल: खालचे रंग ठिपक्यांच्या रंगांत मिसळतात. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या नेहमीच्या रंगसंगतीतही हाच घोळ आहे. तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हिरवंगार दाखवलेलं असतं. बोरिवली पूर्वचा ठिपका ‘चांगली हवा’ म्हणून हिरवा आला, की उद्यानाच्या कडेला तो बुडून जातो, आणि वाचकाला वाटतं अख्खं उद्यानच तुमच्या मोजणीतून हिरवं ठरलंय. प्रत्यक्षात त्या जंगलाच्या आत तुमच्याकडे एकही यंत्र नाही. महामार्गांच्या नारिंगी-गुलाबी रेघाही तशाच, प्रदूषणाच्या रंगांशी थेट भांडतात. पार्श्वभूमीचं काम ‘हे कुर्ला, हे वरळी’ एवढं सांगण्याचं. त्याहून जास्त ती बोलू लागली तर तिला गप्प करा.

आता आकड्याकडे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून पंधरा मिनिटांच्या सरासऱ्या उतरवल्या असतील, तर एका केंद्राच्या एका दिवसाच्या ९६ ओळी होतात. फाइलच्या माथ्यावर केंद्राच्या माहितीच्या काही ओळी असतात, त्या वगळून वाचायच्या. जिथे मोजणी नाही तिथे शब्द लिहिलेला असतो, त्यामुळे सगळा कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो. मग लोक तो आकड्यात बदलताना रिकाम्या जागी शून्य भरतात. असं कधीही करू नका. शून्य म्हणजे हवा स्वच्छ होती असं विधान झालं. तुम्हाला म्हणायचंय, यंत्र बंद होतं. याची उलटी बाजूही बघा. एकच आकडा सलग सहा-सात तास जसाच्या तसा असेल, तर हवा थांबलेली नाही, यंत्र अडकलंय. सरासरी काढण्याआधी प्रत्येक केंद्राचा कालालेख (वेळेनुसार आकडा दाखवणारा आलेख) एकदा डोळ्यांखालून घाला. वीस केंद्रं म्हणजे वीस चित्रं. चहा होईपर्यंत बघून होतात.

ओपनएअरच्या काही अटी आहेत. तारखेच्या कॉलमचं नाव डेट, लहान इंग्रजी अक्षरांतच. वाऱ्याचा वेग डब्ल्यूएस आणि दिशा डब्ल्यूडी. ही नावं दिली की टाइमअ‍ॅव्हरेज फंक्शन वाऱ्याच्या दिशेची सरासरी नीट काढतं. ‘नीट’ म्हणजे काय? ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळपास उत्तरेचे वारे. साधी सरासरी काढली तर १८० येते, म्हणजे थेट दक्षिण. एक्सेलमध्ये सरासरी काढून मग आरमध्ये आणणारे इथे हमखास पडतात.

त्याच फंक्शनमध्ये डेटा-थ्रेश नावाचा एक पर्याय आहे: किती टक्के नोंदी असतील तरच सरासरी धरायची. न सांगितल्यास तो शून्य असतो. म्हणजे दिवसातली एकच नोंद असली तरी ती ‘दिवसाची सरासरी’ म्हणून मिरवते. मी ७५ ठेवतो. भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांकासाठीही चोवीसपैकी किमान १६ तासांची नोंद लागते. तेवढी तरी शिस्त आपणही पाळावी.

वेळेचा घोळ वेगळाच. पोर्टलची वेळ भारतीय असते. आरला ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून वाचू दिली आणि पुढे कुठेतरी भारतीय वेळेत बदलली, तर सकाळी आठची गर्दी दुपारी दीडला दिसते. उलट बाजूने चुकलात, तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. हे वरवर किरकोळ वाटतं, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा विचार करा. फटाक्यांचा धूर संध्याकाळी चढतो आणि मध्यरात्रीनंतरही रेंगाळतो. खऱ्या दिनांकाने तो दोन दिवसांत वाटला जातो. साडेपाच ते साडेपाचच्या दिवसात तो सगळा एकाच दिवसात येतो आणि त्या दिवसाचा आकडा फुगतो. दोन जणांचे दिवाळीचे नकाशे जुळत नाहीत तेव्हा मी आधी हेच तपासतो. फाइल वाचतानाच वेळेचा पट्टा एशिया/कोलकाता सांगून टाका, आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती कुठल्याही धड्यात मला सापडलेली नाही. वीसच्या वीस केंद्रं वर्षभर चालू नसतात. काही नवी असतात, काही दुरुस्तीत. समजा, दोन जागांची हवा अगदी सारखी आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारी ९०, बाकीचे आठ महिने ३० (इथले सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये). पहिलं केंद्र वर्षभर चाललं. त्याची सरासरी ५०. दुसरं नोव्हेंबरात सुरू झालं आणि तुमच्या फाइलीत फेब्रुवारीपर्यंतचेच आकडे आहेत. त्याची सरासरी ९०. नकाशावर एक ठिपका पिवळसर, दुसरा लालभडक. लोक त्या भागातल्या कारखान्याकडे बोट दाखवतील, बातमी होईल, आणि खरा फरक असेल तो फक्त पावसाळा मोजला की नाही याचा. मुंबईसारख्या शहरात, जिथे जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो आणि हिवाळ्यात ती जमिनीलगत कोंडते, तिथे ही चूक फार महागात पडते.

मी स्वतः एकदा असा नकाशा देऊन बसलो आहे. एका सल्लागार कामात, घाईत, रात्री दोनला केलेला. सकाळच्या बैठकीत एका बाईंनी विचारलं, ‘आमच्याकडचं यंत्र तर दिवाळीनंतर बसवलं, मग वर्षाची सरासरी कुठून आणली?’ त्या तांत्रिक माणूस नव्हत्या, यंत्र बसवलेल्या इमारतीत राहत होत्या. तेव्हापासून माझ्या कोडमध्ये नकाशाच्या आधी एक तक्ता येतो: आडवे महिने, उभी केंद्रं, प्रत्येक घरात उपलब्ध नोंदींची टक्केवारी. ज्या काळात सगळी केंद्रं पुरेशी चालू होती, तेवढाच काळ नकाशावर जातो. त्यापायी चार केंद्रं सोडावी लागली तर सोडतो. किंवा ती पोकळ वर्तुळाने दाखवतो: यंत्र आहे, पण तुलनेत नाही.

ऋतूंबद्दलही इथेच सांगतो. ओपनएअरमध्ये सीझन म्हटलं की ते युरोपचे चार ऋतू धरतं: डिसेंबर ते फेब्रुवारी, मार्च ते मे, जून ते ऑगस्ट, सप्टेंबर ते नोव्हेंबर. आपल्याकडे त्यामुळे पावसाळ्यातला सप्टेंबर आणि धुरकट नोव्हेंबर एकाच चित्रात कोंबले जातात. स्वतःचा ऋतू-कॉलम करा. जून ते सप्टेंबर पावसाळा धरा; ऑक्टोबरला मी वेगळाच ठेवतो, कारण तो कोणाचाच नसतो.

अक्षांश-रेखांशाकडे वळू. इथल्या चुका निदान डोळ्यांना दिसतात, त्यामुळे मला त्या आवडतात. एसएफला आधी रेखांश, मग अक्षांश लागतो. उलटं दिलं की मुंबई नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेला, भर समुद्रात जाऊन पडते. हसून दुरुस्त करता येतं. खरी चोरटी चूक अंश-मिनिटांची. पुण्याच्या शिवाजीनगरचं उदाहरण घ्या: १८ अंश ३२ मिनिटं, ७३ अंश ५१ मिनिटं. कोणीतरी हे १८.३२ आणि ७३.५१ असं टाइप करतं. मिनिटं साठची असतात, शंभराची नव्हेत, हे विसरून. खरे आकडे १८.५३ आणि ७३.८५. चुकीचा ठिपका चाळीसेक किलोमीटर नैऋत्येला, तोरणा-रायगडाच्या मधल्या डोंगरात कुठेतरी उमटतो. तोही दिसतो. पण १९ अंश ४ मिनिटांचं १९.०४ झालं, तर ठिपका जेमतेम तीन किलोमीटर सरकतो, शहरातच राहतो, आणि कोणालाही कळत नाही. मुंबईत तीन किलोमीटरमध्ये खाडी येते, रिफायनरी येते, झोपडपट्टी येते, सगळं जगच बदलतं. म्हणून प्रत्येक केंद्राचा ठिपका एकदा मोठा झूम करून बघा: जी शाळा, जो दवाखाना किंवा जी वॉर्ड कचेरी पत्त्यात लिहिली आहे, तिच्यावर तो बसतोय का?

नावांवर विसंबू नका, हेही जाता जाता. मुंबईत केंद्रं राज्य मंडळाची आहेत, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची आहेत, महापालिकेचीही आहेत, आणि एकाच भागाच्या नावाची दोन वेगळी यंत्रं असू शकतात. नुसत्या नावावर दोन तक्ते जोडलेत तर दोन यंत्रांची खिचडी होते. संस्थेचं नाव जोडून ओळख-क्रमांक करा.

प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी पसरायची यावर, फार वेळ घालवत नाही. टाइल्स वेब मर्केटरमध्ये असतात, क्रमांक ३८५७. नुसते ठिपके टाकायला तो चालतो. पण ‘केंद्रापासून ५०० मीटरमधले रस्ते’ असं काही मोजायचं असेल, तर ते या प्रक्षेपणात मोजू नका. मुंबईच्या अक्षांशावर तुमचे ५०० मीटर प्रत्यक्षात सुमारे ४७३ भरतील. लंडनमध्ये तर ३११ च. अंतर मोजण्याआधी यूटीएममध्ये जा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या अशा प्रक्षेपणात जिथे अंतरं जवळपास खरी राहतात. मुंबई-पुण्याला ४३ वा पट्टा, क्रमांक ३२६४३. संपूर्ण महाराष्ट्र घेतलात तर लक्षात ठेवा, ७८ अंश रेखांशावर पट्टा बदलतो: अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये.

रंग आणि आकार. आकाराचा नियम साधा आहे, तरी रोज मोडला जातो: आकडा दुप्पट झाला तर वर्तुळाचं क्षेत्रफळ दुप्पट व्हावं, त्रिज्या नव्हे. त्रिज्या दुप्पट केली की वर्तुळ चौपट दिसतं. जीजीप्लॉटचं स्केल-साइज हे स्वतःच सांभाळतं, शून्यापासून सुरुवात हवी तर स्केल-साइज-एरिया घ्या. लीफलेटमध्ये मात्र तुम्हालाच वर्गमूळ काढावं लागतं. तिथेच आणखी एक गंमत: अ‍ॅड-सर्कल-मार्कर्सची त्रिज्या पिक्सेलमध्ये असते, अ‍ॅड-सर्कल्सची मीटरमध्ये. दुसरं वापरलंत तर झूम केल्यावर वर्तुळ फुगत जातं आणि बघणाऱ्याला वाटतं, यंत्राची पोच एवढी आहे. मुळात मी आकार सगळ्यांचा सारखाच ठेवतो आणि फरक फक्त रंगाने दाखवतो. दोन्ही एकदम बदलले की मोठा लाल ठिपका दुहेरी ओरडतो.

रंगांचे टप्पे कुठे पाडायचे, यावर जास्त विचार करा. सोपा मार्ग म्हणजे निर्देशांकाच्या सहा पायऱ्या: चांगली, समाधानकारक, मध्यम, वाईट, अतिवाईट, गंभीर. पीएम २.५ साठी त्या ३०, ६०, ९०, १२० आणि २५० या आकड्यांवर बदलतात. पण त्या चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरवलेल्या आहेत. वर्षाच्या सरासरीला त्याच रंगात रंगवलंत, तर ५५ चा वार्षिक आकडा हिरवट, ‘समाधानकारक’ दिसतो. आणि २००९ पासूनचं भारताचं वार्षिक मानक आहे ४०; जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक मूल्य तर फक्त ५. म्हणजे मानक ओलांडलेली हवा तुमच्या नकाशावर हिरवी! हे मी छापील अहवालांत पाहिलंय. वार्षिक नकाशाला वेगळे टप्पे घ्या, त्यातला एक ४० वर पाडा, आणि रंग एकाच दिशेने गडद होत जाणारे ठेवा. व्हिरिडिससारखी (जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंतची) रंगपट्टी घेतली तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्येही क्रम टिकतो, आणि लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यांनाही वाचता येते. विद्यापीठात प्रबंधाच्या प्रती अजूनही झेरॉक्सच निघतात, हे विसरू नका.

आता मार्गदर्शकांच्या रंगवलेल्या नकाशाकडे.

बिंदूंमधली जागा भरायला दोन रूढ रस्ते. एक म्हणजे आयडीडब्ल्यू: जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्याला कमी. दुसरा क्रिगिंग, ज्याला दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या डॅनी क्रिग यांचं नाव मिळालं. दोन्ही जीस्टॅट पॅकेजमध्ये आहेत, तीन-चार ओळींत होतात, आणि हीच त्यांची अडचण आहे. इतक्या सहज होतात की आपण काय केलं, याचा विचार करायला फुरसतच मिळत नाही.

आयडीडब्ल्यूचं चित्र लगेच ओळखू येतं: प्रत्येक केंद्राभोवती पाण्यात खडा टाकल्यासारखी वर्तुळं. शिवाय त्या पद्धतीत कुठलाही अंदाज मोजलेल्या कमालपेक्षा वर किंवा किमानपेक्षा खाली जाऊच शकत नाही. म्हणजे दोन केंद्रांच्या मध्ये एखादा ट्रकांनी भरलेला चौक असला, तर त्याची हवा नकाशावर आजूबाजूच्या केंद्रांइतकीच ठीक दिसणार. क्रिगिंगला व्हेरिओग्राम लागतो: अंतर वाढतं तसा आकड्यांमधला फरक कसा वाढतो, याचा आलेख. तो भरवशाचा यायला शे-दीडशे बिंदू असलेले बरे. वीस केंद्रांवर तो काढून बघा, मग त्यातलं एक केंद्र वगळून पुन्हा काढा. आलेखाचा आकारच बदलेल. सोन्याच्या खाणीत दगड जागा सोडत नाही. इथे दुपारी समुद्रावरून वारा येतो, रात्री जमिनीवरून, आणि खाण रोज हलते.

मुंबईत तर आणखी एक विचित्र गोष्ट होते. चौकोनी जाळीवर इंटरपोलेशन, म्हणजे असं मधलं भरणं, केलं की अरबी समुद्रही रंगतो, ठाण्याची खाडीही रंगते. ते कापून टाकायला किनाऱ्याची सीमा वापरता येते, लोक वापरतातही. पण राष्ट्रीय उद्यान कसं कापणार? त्याला बोरिवली आणि भांडुपच्या मधला रंग मिळतो. शंभर चौरस किलोमीटरच्या जंगलाला दोन वस्त्यांच्या हवेची सरासरी! तिथे राहणारा बिबट्या तक्रार करणार नाही, पण परीक्षकाने करायला हवी.

तरीही मार्गदर्शक अडून बसले, तर भांडू नका. जीस्टॅटमधलं क्रिज-सीव्ही चालवा. ते एकेक केंद्र लपवून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज काढतं. तो अंदाज आणि खरा आकडा यांच्यातला फरक प्रत्येक ठिपक्याशेजारी लिहा. मग एक दुसरा, अगदी भाबडा अंदाज घ्या: लपवलेल्या केंद्राच्या जागी उरलेल्या सगळ्यांची नुसती सरासरी. क्रिगिंगची चूक या भाबड्या अंदाजापेक्षा फारशी कमी येत नसेल, तर रंगवलेल्या नकाशात शोभेपलीकडे काही नाही. हे दोन आकडे कागदावर शेजारी-शेजारी ठेवले की बहुतेक मार्गदर्शक स्वतःच म्हणतात, ‘ठिपकेच राहू द्या.’ ज्यांना खरोखर पृष्ठभाग हवा असतो, ते रस्त्यांची घनता, लोकवस्ती, जमिनीचा वापर अशी जास्तीची माहिती घालून प्रतिमान बांधतात. ते वेगळं काम आहे आणि त्याला वीसपेक्षा पुष्कळ जास्त जागी मोजणी लागते.

कोणी म्हणेल, उपग्रह आहे ना, मधली जागा तो भरेल. सेंटिनेल-५पी या उपग्रहावरच्या ट्रोपोमी या उपकरणाचा नायट्रोजन डायऑक्साइड सुंदर दिसतो, पण त्याचा एक ठोकळा साधारण साडेतीन गुणिले साडेपाच किलोमीटरचा, आणि तो हवेचा उभा खांब मोजतो, तुमच्या नाकाजवळची हवा नव्हे. शेजारी वेगळा नकाशा म्हणून द्या. ठिपक्यांच्या खाली अंथरू नका.

रंग भरण्याऐवजी तुमच्याकडे एक खरोखर चांगला पर्याय आहे, आणि तुमच्या आकड्यांत वारा असेल तर मी तोच सुचवेन: ओपनएअरमॅप्समधलं पोलरमॅप. प्रत्येक केंद्राच्या जागी साध्या ठिपक्याऐवजी एक छोटी गोल तबकडी बसते. तबकडीत कोणत्या दिशेच्या आणि किती वेगाच्या वाऱ्याला प्रदूषण जास्त असतं, ते रंगाने दिसतं. दोन-तीन शेजारच्या केंद्रांच्या तबकड्या एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या, तर स्रोताचा माग लागतो. मधली जागा रिकामीच राहते, पण नकाशा बोलका होतो.

हा नकाशा लोक हमखास एका प्रकारे चुकीचा वाचतात. तबकडीत मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर हे वाऱ्याच्या वेगाचं आहे, किलोमीटरचं नाही. खाली खरा नकाशा असल्यामुळे डोळा फसतो. तबकडीच्या ईशान्य कडेचा लाल डाग नकाशावर नेमका एखाद्या गोदामावर पडलेला दिसतो आणि माणूस म्हणतो, ‘सापडलं!’ काहीच सापडलेलं नाही. झूम बदला, तोच डाग दुसऱ्या इमारतीवर जाईल. डाग एवढंच सांगतो की ईशान्येकडून जोराचा वारा आला की इथे आकडा चढतो. स्रोत त्या दिशेला दोनशे मीटरवर असेल किंवा वीस किलोमीटरवर. याउलट लाल डाग तबकडीच्या मधोमध असला, तर वारा पडलेला असताना हवा कोंडते, म्हणजे बहुधा आसपासचाच धूर: वाहनं, चुली, शेकोट्या. ही दोन वाक्यं नकाशाखाली छापाच. आणि वाऱ्याचं यंत्र दोन उंच इमारतींच्या बोळात बसवलेलं असेल, तर त्या केंद्राची तबकडी काढू नका. ती हवेची नाही, बोळाची दिशा दाखवेल. अशा वेळी विमानतळाच्या वाऱ्याच्या नोंदी घेणं मला जास्त पटतं.

भारताचा मोठा नकाशा कोपऱ्यात छोटा करून टाकणार असाल, तर नॅचरल अर्थ या जागतिक नकाशा-संचातली सीमा जशीच्या तशी घेऊ नका. ती ताब्याप्रमाणे रेषा ओढते, काश्मीरची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नाही, आणि तसा नकाशा प्रसिद्ध करणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा ठरू शकतं. सर्वेक्षण विभागाचीच सीमा वापरा, किंवा सरळ महाराष्ट्रापुरता चौकोन दाखवा.

शेवटी छपाईचं. टाइल एकदा उतरवली की फाइल म्हणून जपून ठेवा. दर वेळी कोड चालवताना सर्व्हरवरून ओढू नका. सहा महिन्यांनी दुरुस्त्या आल्या की तीच पार्श्वभूमी लागते, आणि तोवर सेवा बदललेली असू शकते, हे वर पाहिलंच. चित्राची रुंदी मिलिमीटरमध्ये ठरवून ३०० डीपीआयला जतन करा, म्हणजे टाइलवरची अक्षरं ठिपक्यांच्या मानाने केवढी येतात ते आधीच कळेल. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय लिहा, ती परवान्याची अट आहे. आणि नकाशाखालच्या ओळीत केंद्रांची संख्या, नेमका कालावधी, सरासरी कशाची आणि किती टक्के नोंदी धरल्या, एवढं असलं की मार्गदर्शकांच्या पुढच्या प्रश्नांना तुम्हाला जागेवरूनच उत्तरं देता येतील.